कोल्हापुरात आठ फ्लॅटची अख्खी इमारत घ्यायची आहे: इसार देण्याआधी काय काय तपासावं?

रंकाळ्याकाठी

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात नोकरी करतो, आईवडील कोल्हापुरात असतात. माझे आणि बहिणीचे पैसे एकत्र करून दरमहा भाडं येईल असं काहीतरी घ्यायचं ठरलंय. नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला, जयंती नाल्यापासून फार लांब नाही अशी एक अख्खी इमारत विकायला आहे. तळ अधिक तीन मजले. तळमजल्यावर दोन फ्लॅट, रस्त्याकडेला एक गाळा, बाकी मोकळं पार्किंग. वर प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट. सगळे वन बीएचके. बांधकाम १९८८ च्या सुमाराचं, लिफ्ट नाही.

मालक १ कोटी ९० लाख म्हणतात. फ्लॅटमागे सरासरी साडेनऊ हजार भाडं येतं. गाळ्यात जुने भाडेकरू आहेत, त्यांचं भाडं अगदीच नगण्य आहे. बाहेरून नुकताच रंग दिलाय, त्यामुळे इमारत दिसते छान. एजंट म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, या महिन्यात इसार द्या.

भाड्याचा हिशेब मला करता येतो. पण इमारत बघायची कशी? कोणाला न्यावं, काय विचारावं, कुठली तपासणी करून घ्यावी? ज्यांनी एकेक फ्लॅट नाही तर पूर्ण इमारत घेतली आहे त्यांनी जरूर लिहा.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

भावा, बाकी सगळं नंतर. पाणी कुठवर आलं होतं ते आधी विचार. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी उलटं शहरात शिरतं, आणि नागाळा पार्कचा खालचा भाग, शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्या, व्हीनस कॉर्नर पाण्यात जातात. आमच्या घरात ते पाणी आलंय, म्हणून सांगतो.

मालकाला विचारू नको. समोरच्या किराणावाल्याला विचार, तो हातानं उंची दाखवेल.

गिलावा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींचं ऑडिट हेच काम. जरा सविस्तर लिहितो.

विक्रीच्या आधी दिलेला रंग बघितला की मी पहिल्यांदा गच्चीवर जातो, कारण गच्ची सहसा कोणी रंगवत नाही. तिथे दोन गोष्टी बघा. पहिली, पाणी कुठे साचतं. काळपट हिरवे डाग आणि शेवाळं असेल तिथे उतार गेलेला आहे. दुसरी, कोब्याची जाडी. गळती सुरू झाली की जुना कोबा न काढता त्यावरच नवा कोबा घालायची सवय आपल्याकडे फार आहे. जिन्याच्या दारातून गच्चीवर पाऊल टाकताना उंबरा जवळपास गच्चीच्या पातळीला आला असेल, किंवा कठडा गुडघ्याच्या जरा वरच राहिला असेल, तर खाली दोन-तीन थर आहेत असं समजा. तेवढं जास्तीचं वजन स्लॅब रोज पेलतोय, आणि मूळ डिझाइनमध्ये ते धरलेलंच नाही.

मग वरच्या मजल्याचं छत, संडास-बाथरूमच्या खालच्या फ्लॅटचं छत आणि बाहेरचे छज्जे. छताचे पोपडे निघून सळ्या दिसत असतील तर सळीवर बोट फिरवा. गंजाचा नुसता रंग लागला तर एक गोष्ट, पापुद्रे हातात आले तर दुसरी.

तडे सगळे सारखे नसतात. खांब आणि विटांची भिंत जिथे जुळतात तिथली उभी बारीक रेघ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला, खाली रुंद आणि वर निमुळता (किंवा उलट) तडा पाया हलल्याची शंका दाखवतो. नदीकाठच्या काळ्या मातीत ही शंका घ्यायलाच हवी, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खांबाच्या कडेने उभा, सळीच्या रेषेत गेलेला तडा मात्र सगळ्यात वाईट. आतली सळी गंजून फुगली आणि तिने काँक्रीट फोडलं, असा त्याचा अर्थ.

तुमच्या इमारतीत खालचे खांब निदान दोनदा बरेच दिवस पुराच्या पाण्यात उभे होते असं वरच्या प्रतिसादावरून दिसतंय. तेव्हा तळमजल्याच्या खांबांची तपासणी यंत्रांनी करून घ्या. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कडकपणा कळतो. अल्ट्रासॉनिक तपासणीत ध्वनिलहरी खांबातून पाठवतात. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद. हाफसेल तपासणीत सळी गंजण्याची शक्यता कळते. आणि एक सोपी चाचणी: खांबाचा छोटा टवका काढून ताज्या भागावर फेनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकतात. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळीचं रक्षण करतंय. रंग आलाच नाही तर कार्बोनेशन झालंय, आणि ते सळीपर्यंत पोचलं असेल तर गंज थोपवणारं आत काही उरलेलं नाही.

ऑडिट करणारा इंजिनिअर तुमचा हवा. मालकाने हातात ठेवलेला अहवाल वाचा, पण त्यावर व्यवहार करू नका.

मंगळवारपेठी

दुसरं गिऱ्हाईक! आमच्या घराच्या वेळीही होतं. व्यवहार होऊन मुलं कॉलेजात गेली, ते गिऱ्हाईक अजून तयारच असेल. :) गडबड करू नका दादा.

साताऱ्याचा_हिशेबी

मी जरा विरुद्ध बोलतो. आकडा तरी बरोबर आहे का ते बघा.

आठ फ्लॅट, साडेनऊ हजार, बारा महिने: ९ लाख १२ हजार. १ कोटी ९० लाखांवर ४.८ टक्के, दिसायला झकास. आता वर्षात प्रत्येक फ्लॅट एक महिना रिकामा धरा, ७६ हजार गेले. घरफाळा, जिन्याचे दिवे, झाडलोट, मोटार यांचे लाखभर. किरकोळ दुरुस्तीचे लाखभर. उरले ६ लाख ३६ हजार. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ११ लाख ४० हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि घेतल्या घेतल्या दुरुस्तीला १५ लाख. म्हणजे गुंतवणूक झाली २ कोटी १७ लाखांच्या आसपास आणि परतावा तीन टक्क्यांच्या आत. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते, आणि तिचं छत गळत नाही.

३५ वर्षं उलटून गेलेल्या इमारतीत मी तरी पैसे घालणार नाही.

गिलावा

@साताऱ्याचा_हिशेबी, हिशेब पटला. वयाचं पटलं नाही. महाडची इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसं गेली. ती दहा वर्षांचीही नव्हती. उलट नीट बांधलेल्या, वेळच्या वेळी निगा राखलेल्या साठ वर्षांच्या इमारती मी स्वतः तपासल्या आहेत, ठणठणीत आहेत. वय बघून तपासणी किती कसून करायची ते ठरवावं. इमारत घ्यायची की नाही ते तपासणीवरून ठरवावं.

आणखी एक राहिलं. तो गाळा. रस्त्याकडेच्या गाळ्यात शटर मोठं करायला किंवा आतली जागा वाढवायला खांब तासलाय का, भिंत काढलीय का, हे आत जाऊन बघा. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये चार मजली इमारत पडली आणि १७ जण दगावले, त्यात तळमजल्यावरच्या फेरफारात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. मंजूर नकाशावर खांब मोजा आणि जागेवर मोजा. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.

कायदा_आणि_कांदेपोहे

मी वकील आहे, मिळकतींचीच कामं करते. इंजिनिअर साहेबांनी भिंती सांगितल्या, मी कागद सांगते.

मालमत्ता पत्रक सिटी सर्व्हे कार्यालयातून स्वतः काढा, एजंटने दिलेली झेरॉक्स चालवू नका. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. त्या काळातल्या अनेक इमारतींना तीन मजल्यांची परवानगी असते आणि उभे चार असतात, किंवा पार्किंगमध्ये नंतर खोल्या काढलेल्या असतात. तुमच्या तळमजल्यावर दोन फ्लॅट आहेत, ते नकाशात आहेत का हे मला सगळ्यात आधी बघावंसं वाटतं. नसतील तर त्या दोन फ्लॅटचं भाडं हिशेबात धरू नका.

किमान ३० वर्षांचा सर्च (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या व्यवहारांचा शोध) घ्या. विकणारे एकटेच मालक आहेत का? मिळकत वडिलोपार्जित असेल तर बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क जन्मतः मिळाला आणि विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असायची गरज नाही. ‘बहिणींचं काही म्हणणं नाही’ हे तोंडी ऐकून पुढे जाऊ नका. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा किंवा त्यांना खरेदीखतात मान्यता देणार म्हणून सही करायला लावा. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस.

आता भाडेकरू, कारण तुम्ही विटांबरोबर माणसंही घेताय. प्रत्येक फ्लॅटचा करार मागा. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायचा मार्ग सरळ आहे. नुसत्या नोटरीच्या किंवा कोऱ्या करारावर भाडेकरू बसला असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि उद्या वाद झाला तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जाण्याची शक्यता मोठी. गाळेवाले जुने भाडेकरू आहेत, त्यांना हाच १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू होईल. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, आणि जागा रिकामी करून घ्यायला कायद्यातली ठरावीक कारणंच लागतात. म्हणून गाळ्याची किंमत रिकाम्या गाळ्याच्या भावाने लावू नका.

अनामत रकमा खरेदीच्या किमतीतून वळत्या करून घ्या. भाडेकरू त्या उद्या तुमच्याकडेच मागणार आहेत.

तिकटी

वकीलताईंनी माणसं म्हटलं ते अगदी खरं. आमची इचलकरंजीत सहा फ्लॅटची छोटी इमारत आहे, सासूबाईंनंतर मीच बघते.

माझं सांगणं एकच. दुपारी जा आणि तिथे राहणाऱ्या बायकांशी बोला. मालक आणि एजंट बरोबर नकोत. नळाला पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर दाब असतो का, उन्हाळ्यात टँकर येतो का, मोरीतून वास येतो का, कोणाच्या बाथरूमचं पाणी कोणाच्या स्वयंपाकघरात उतरतं, हे सगळं त्या अर्ध्या तासात सांगतील. आम्ही घेण्याआधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला ओट्याखालचं कपाट उघडून दाखवलं होतं. आत पीठ-मिठाचे डबे काहीच नाहीत, फक्त एक बादली, आणि वरून थेंब पडतोय. मालकाने हॉल मात्र चकाचक दाखवला होता! त्या एका बादलीवर आम्ही भाव उतरवून घेतला आणि व्यवहार झाल्यावर आधी ते बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग केलं. काकू अजून आमच्याकडेच भाड्याने आहेत.

जमलं तर जोराचा पाऊस सुरू असताना जा. उन्हाळ्यात बघितलेल्या इमारतीवर माझा भरवसा नाही.

पाडा_आणि_बांधा

एवढा कीस कशाला काढताय? जागेचा भाव बघा. इमारत घ्या, पाच-सात वर्षं भाडं खा, मग पाडून सहा मजले बांधा.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

@पाडा_आणि_बांधा, पूररेषा ऐकलीय का? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी. आहे ती इमारत उभी आहे म्हणून उभी आहे. पाडली तर परत तेवढीच बांधता येईल याची खात्री कोण देणार? आधी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि पूररेषेचा अभिप्राय लेखी घ्या, मग स्वप्नं.

कायदा_आणि_कांदेपोहे

अगदी बरोबर. आणि पाडायचं म्हटलं की गाळेवाल्यांना नव्या इमारतीत जागा द्यावी लागण्याचा प्रश्न येतो, तो वेगळाच. त्याच दाखल्यात रस्तारुंदी आणि आरक्षणही कळेल.

हडसनकाठचा_जोशी

मी न्यू जर्सीत असतो. इथे घर घेताना परवानाधारक इन्स्पेक्टर काही तास छतापासून तळघरापर्यंत बघतो, फोटोंसकट जाडजूड अहवाल देतो, आणि करारातच अट असते की तपासणीत मोठा दोष निघाला तर गिऱ्हाईक बाहेर पडू शकतं. आपल्याकडे तसा वेगळा व्यवसाय फारसा नाही, पण ती अट इसारपावतीत घालायला काय हरकत आहे?

कायदा_आणि_कांदेपोहे

@हडसनकाठचा_जोशी, काहीच हरकत नाही, मी घालतेच. ‘स्ट्रक्चरल ऑडिट, सर्च आणि पूररेषेचा अभिप्राय समाधानकारक न आल्यास इसाराची रक्कम अमुक दिवसांत बिनव्याजी परत’ असं स्वच्छ मराठीत लिहायचं. चेकनेच द्यायचा इसार. अट मान्य नाही म्हणणारा मालक काय लपवतोय याचा विचार करावा.

कोयनेची_लेक

थोडं अवांतर. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप माझ्या आईने पाटणजवळ अनुभवला, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही इमारत बघताना पहिला प्रश्न भूकंपाचाच असतो. खाली नुसते खांब आणि मोकळं पार्किंग, वर भिंतींनी भरलेले मजले, ही रचना धोक्याची असते असं ऐकलंय. खरं आहे का?

गिलावा

@कोयनेची_लेक, अवांतर अजिबात नाही, माझ्याकडूनच राहिलं होतं. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबाद इतकं लांब असूनही तिथे अशा पार्किंगवाल्या कितीतरी इमारती पडल्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात आणि सगळी हालचाल खालच्या उघड्या खांबांत एकवटते. शिवाय खांबातल्या रिंगा जवळजवळ घालण्याचे भूकंपाचे नियम सांगणारं स्वतंत्र भारतीय मानक १९९३ चं, आणि ही इमारत त्याच्या आधीची. उपाय आहे: पार्किंगमधल्या काही खांबांच्या मधे काँक्रीटच्या भिंती घालणं, खांबांना जॅकेटिंग (भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं आवरण). पण तो खर्च आहे आणि तो आत्ताच किमतीत धरायला हवा.

रंकाळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आईला घेऊन जाऊन आलो.

जिन्याखाली विजेचे मीटर खांद्याच्या उंचीला आहेत. नव्या रंगाखाली कमरेच्या उंचीवर चार बुजवलेली भोकं आणि जुन्या लाकडी फळीचा चौकोन नीट बघितला तर दिसतो. गाळेवाल्या काकांच्या सगळ्या मांडण्या जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर सुरू होतात, खाली फक्त रिकामे प्लास्टिकचे क्रेट. त्यांनी न विचारता सांगितलं, २०२१ ला इथवर. मालक आम्हाला ‘पायरीला पाणी लागलं होतं’ म्हणाले होते.

आईने वरच्या मजल्यावरच्या दोघींशी गप्पा मारल्या. पाणी, दाब सगळं चांगलं. गच्ची मात्र गिलावा म्हणतात तशीच, उंबरा जेमतेम दोन बोटं उरलाय. नकाशात तळमजल्यावर एकच फ्लॅट दिसतोय.

माणसं चांगली आहेत, जागा सोयीची आहे, मन अजून ओढतंय. पण भाव १ कोटी ९० लाखांचा राहिलेला नाही हे नक्की. बहिणीचं म्हणणं, तळमजल्याचे दोन्ही फ्लॅट हिशेबातून शून्य करून बोलणी करायची. वकीलताईंच्या अटीसकट इसारपावतीचा मसुदा आमच्या वकिलांना करायला सांगितलाय.

साताऱ्याचा_हिशेबी

बहिणीचं ऐका. सहा फ्लॅटवर वर्षाचं भाडं ६ लाख ८४ हजार होतं. त्यावर उलटा हिशेब करून भाव काढा आणि त्याच्या वर जाऊ नका. आणि व्यवहार ५० लाखांच्या वरचा आहे, १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. विकणाऱ्यांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल तर नियम वेगळा आणि कपात बरीच जास्त, ते आधी विचारा.

तिकटी

जमिनीखालची पाण्याची टाकी आहे का? पुराचं पाणी त्यात शिरतं. टाकीला तडा असेल तर एरवीही गटाराचं पाणी झिरपतं. आम्ही मोटार बंद करून रात्रभर पातळी बघितली होती.

रंकाळ्याकाठी

आहे, पार्किंगमध्येच. झाकण फरशीच्या पातळीला आहे. सेप्टिक टँक तिथून किती अंतरावर आहे ते कोणालाच नीट सांगता आलं नाही.

गिलावा

दोन्ही टाक्यांची जागा नकाशावर सापडेल. पाण्याचा नमुना तपासणीला द्या, आणि ऑडिटला जो कोणी इंजिनिअर घ्याल त्याला टाकीशेजारच्या खांबांची सळी जमिनीलगत एक-दोन ठिकाणी उघडून बघायला सांगा. मालकाची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा, नाहीतर त्या दिवशी छिन्नी लावू देत नाहीत. हॅमरचे आकडे आले की इथे टाका, बघू.